मुंजीची कॅसेट

सबनीसांनी तुला फसवलं, मास्तर. दुसऱ्या कोणी नाही. शाळेने नंतर जे केलं ते शाळेच्या भित्रेपणाला शोभेल असंच होतं, पण फसवणूक सबनीसांची. तुझ्या घरात, तुझ्या सतरंजीवर बसून, सुमनवहिनींनी तळलेले बटाटेवडे खाऊन त्यांनी ती केली. आणि परवा तुझ्या शोकसभेत पहिलं भाषणही त्यांचंच. 'एक अजातशत्रू शिक्षक आपल्यातून गेला,' म्हणाले. अजातशत्रू! शत्रू स्वतः माइक धरून सांगतोय की शत्रू नव्हताच.

हे मला तूच सांगितलं होतंस आणि लगेच शब्द घेतला होतास. 'शेठ, मी असेपर्यंत हे कुठे बोलायचं नाही.' मी शब्द दिला आणि पाळला. माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचार, मी भावात घासाघीस करतो, शब्दात करत नाही. आता तू सांगलीला गेलास आणि तिथून पुढेही गेलास. मुदत तूच घातली होतीस. संपली. खलास.

आपली ओळख झाली तीच भांडणाने. तू शारजाच्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचास आणि दुबईत अल कुसैसला राहायचास. मी बांधकामावर शटरिंगचा सुतार म्हणून आलो होतो, पण तोवर स्वतःचं जुन्या फर्निचरचं गोदाम काढलं होतं. कायमचं घर आवरून भारतात परतणाऱ्यांकडून सोफे, कपाटं, फ्रिज उचलायचे आणि नव्याने आलेल्यांना विकायचे. तू लिहायचं टेबल घ्यायला आलास. मी भाव सांगितला, आणि तू सरळ खिशात हात घातलास. माझं डोकंच फिरलं. समोरचा भाव करत नाही म्हणजे तो आपल्याला माणसात धरत नाही, असं मी समजायचो.

'साहेब, काही तरी कमी करा म्हणा की,' मी ओरडलो.

'कशाला? तुम्ही सांगितली म्हणजे तेवढीच किंमत असणार.'

असला बावळटपणा मी उभ्या आखातात दुसरा पाहिला नाही. पुढच्या शुक्रवारी तू पुन्हा आलास, काही घ्यायला नाही, नुसताच. न खपलेल्या एका सोफ्यावर बसलास आणि कुठल्याशा राजाची गोष्ट सांगत सुटलास. मी तुला मास्तर म्हणायला लागलो, तू मला शेठ, आणि महिन्याभरात आपण अरेतुरेवर आलो. सबनीसांच्या बायकोला हे कधी पचलं नाही. 'तो भंगारवाला सरांना अरेतुरे करतो,' असं ती म्हणायची. भंगार मी कधीच विकलं नाही. तिच्या घरातलं जेवणाचं टेबलसुद्धा माझ्याकडचं होतं आणि अजून डगमगत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तुझ्याकडे सगळे जमायचे. चार-पाच कुटुंबं, वर माझ्यासारखा एखादा सडा माणूस. सबनीस एका कंपनीत फायनान्स मॅनेजर आणि आपल्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. त्यांचं बोलणं नेहमी एकाच जागी येऊन थांबायचं. मुंबईतली घाण, पुण्यातली रहदारी, सरकारी कचेऱ्यांतली लाच, आणि मग मांडीवर थाप मारून, 'आपल्याकडे ना, जर्मनीच्या त्या मिशीवाल्यासारखा एक माणूस पाहिजे. पाच वर्षं द्या त्याला, सगळे सरळ!' लोक माना डोलवायचे. तू एकदा हातातला कप खाली ठेवलास.

'सबनीस, त्याने काय केलं ते तुम्हाला माहीत आहे ना?'

'अहो मास्तर, ते सोडा. शिस्त बघा. रस्ते बघा!'

'ज्यूंना घराघरांतून काढून मारलं. म्हाताऱ्यांना, पोरांना. लाखांनी.'

'असेल. युद्धात होतं असं.'

असेल! मला आठवतं, त्या 'असेल'ने तुझा चेहरा कसा उतरला. शाळेतही तुला तेच ऐकावं लागायचं. कडक बाईला पोरं त्या मिशीवाल्याचंच नाव ठेवायची, आणि साइटवर आमच्या फोरमनलाही तेच नाव होतं. शिवी म्हणून नव्हे, कौतुकाने. तुझ्या पुस्तकातला ज्यूंच्या कत्तलीचा धडा शाळेने 'परीक्षेला येत नाही' म्हणून शिकवायचाच नाही असं ठरवलं होतं. पोरं ती पानं उलटून पुढे जायची. हजारो मैलांवरचं मढं, आपल्याला काय त्याचं, असं मीही तुला म्हणालो होतो. तू एवढंच म्हणालास, 'शेठ, तुला नको असेल तर नको ऐकूस. पण ज्याला त्याचं कौतुक वाटतं त्याने तरी बघितलंच पाहिजे.'

मग ती व्हिडिओ कॅसेट आली. तुझ्या पुण्याच्या मेव्हण्याने कुठून तरी उतरवून पाठवलेली. त्या काळी विमानतळावर कॅसेट ठेवून घ्यायचे, थोडी चालवून बघायचे आणि मग परत द्यायचे. त्यामुळे आपल्या लोकांची एक पद्धतच होती. आधी घरातलं एखादं कार्य भरायचं, बारसं नाहीतर साखरपुडा, आणि त्याच्यामागे जे खरं आणायचं ते. तुझ्या मेव्हण्याने त्याच्या मुलाची मुंज भरली होती. फोनवर जास्त बोलायला नको म्हणून तू सगळ्यांना सांगितलंस, 'भाच्याच्या मुंजीची कॅसेट आलीय, बघायला या.' खरं काय आहे ते तू फक्त मला आणि सबनीसांना सांगितलं होतंस. मला, कारण मी नाहीतर आलोच नसतो. सबनीसांना, कारण ज्याच्यासाठी हा खटाटोप त्याला अंधारात ठेवायचं नाही, असं तुझं म्हणणं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. सबनीसांना माहीत होतं.

आणि बाया काठापदराच्या साड्या नेसून आल्या! एकीने तर भिक्षावळीचे लाडू करून आणले. पोरंबाळं सगळी बरोबर, कारण मुंजीला कोणी पोरांना घरी ठेवतं का? तू दारातच हबकलास. आत येऊन माझ्या कानात म्हणालास, 'शेठ, गफलत झाली. एवढी मुलं!' लहान पोरांना वहिनींनी आतल्या खोलीत पत्ते देऊन बसवलं. राहिली सबनीसांची केतकी, बारा-तेरा वर्षांची, तुझ्याच वर्गातली. तू सबनीसांना बाजूला घेतलंस.

'केतकीलाही आत पाठवू या का? जड आहे हो.'

'छे छे, बघू दे. जनरल नॉलेज वाढेल.'

मी शेजारी उभा होतो. माझ्या हातात लाडवाची ताटली होती.

मुंज चालू झाली. बटूचे केस कापले, मातृभोजन झालं, बाया म्हणत होत्या, 'गोड आहे गं मुलगा, कान बापासारखे आहेत.' बटू भिक्षा मागत असतानाच पडदा एकदम करडा झाला आणि एका म्हातारीचा चेहरा आला. मागे खिडकी, खिडकीत कुंडी. ती तिच्या भाषेत बोलायची आणि खाली इंग्रजी अक्षरं यायची. तू आमच्यासाठी मराठीत सांगत होतास. मारामारी नाही, रक्त नाही. मला वाटलं, ह्याच्यासाठी एवढं?

मग तिने शिलाई मशीनचं सांगितलं. त्यांना घर सोडायचा हुकूम आला होता. माणशी एक बॅग, बॅगेवर नाव रंगवायचं. आई बॅग भरत होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. रोज साखर मागायला येणारी. दारात उभी राहून म्हणाली, 'ते मशीन मी घेऊन जाऊ का? तुम्हाला आता लागणार नाही.' म्हातारी म्हणाली, गाड्या, कुत्री, शिपाई सगळं नंतर आलं. पण माझ्या आईला खरं काय ते त्या वाक्यात कळलं.

मास्तर, मी जुनं सामान घेणारा माणूस. मी ज्या घरांत जातो तिथली माणसं आपल्या पायांनी आपल्या गावी जातात, हे मला माहीत आहे. पण दारात उभं राहून घरातल्या वस्तूंवरून नजर फिरवणं म्हणजे काय ते मला जेवढं कळतं तेवढं त्या खोलीत कोणाला कळत नव्हतं. पुढे त्या बॅगांची खोली दाखवली. छतापर्यंत बॅगा, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. आपल्या लोकांचे खोके आठवले. नायलॉनच्या दोरीने बांधलेले, चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. सबनीसांनी चष्मा काढून डोळे पुसले. केतकी फिल्म सोडून त्यांच्याकडेच बघत होती. दिवे लागल्यावर ते म्हणाले, 'मास्तर, डोळे उघडलेत तुम्ही आज.' आणि लगेच, 'वहिनी, वडे उरलेत का हो?'

ते डोळे आठवडाभर उघडे राहिले असतील. पुढच्या गुरुवारी मी माझी दोन माणसं घेऊन त्यांच्याकडे तेच जेवणाचं टेबल पोचवायला गेलो होतो. पाहुणे बसले होते, त्यांचे मोठे साहेबही होते. मी टेबलाचे पाय जोडत होतो आणि सबनीस सांगत होते, मुंबईची घाण, पुण्याची रहदारी, आणि मग मांडीवर थाप. तेच वाक्य, शब्द न शब्द.

केतकी पाण्याचे ग्लास घेऊन आली होती. म्हणाली, 'पप्पा, बट यू सॉ द फिल्म.'

'कुठली फिल्म?'

'सरांकडची. यू क्राइड.'

साहेब मोठ्याने हसले. 'सबनीस, यू क्राइड?' पोरगी खोडसाळ नव्हती रे. तिला खरंच कळत नव्हतं की रडलेला माणूस पुन्हा तेच कसं म्हणतो. सबनीस एवढंच म्हणाले, 'केतकी, गो इनसाइड.' त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी पाय जोडून निघालो. मनात म्हटलं, बरी जिरली. पुढे काय होणार आहे ते मला ओळखता यायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण सबनीसांसारखी माणसं भित्री असतात हे मला माहीत होतं. भित्रा माणूस एवढा चावतो हे नवीन होतं.

प्रिन्सिपलनी तुला बोलावलं. 'पालकांची तक्रार आहे. तुम्ही मुलांना मुंजीच्या नावाखाली फसवून बोलावलंत आणि परवानगी नसलेली फिल्म दाखवलीत.' फसवून! हा शब्द सबनीसांचा. तू विचारलंस, कोणाचे पालक? त्यांनी नाव सांगितलं. बाहेर काही जायला नको म्हणून तुझ्यासाठी 'सोय' केली. तब्येतीच्या कारणाने राजीनामा, व्हिसा रद्द, महिनाअखेर परत. मुलांना सांगितलं, सर आजारी आहेत. वर्गाने मिळून 'गेट वेल सून'चं कार्ड केलं. केतकीने त्यावर फुलं काढली होती.

तू गोदामात आलास, त्याच सोफ्यावर बसलास आणि हे सगळं सांगितलंस. मी पेटलो. म्हटलं, आत्ता सबनीसांच्या ऑफिसात जातो, सगळ्या स्टाफसमोर काढतो त्यांची. नाहीतर प्रिन्सिपलना गाठतो, मी बोलतो, तू बोलू नकोस, तुला बोलता येत नाही. जगात अशी गोष्ट नाही जिच्यात थोडं इकडे थोडं तिकडे होत नाही.

'शेठ, आपण भांडलो तर केतकीला कळेल.'

'कळू दे की!'

'तिला वाटेल, मी बोलले म्हणून सरांची नोकरी गेली. बारा-तेरा वर्षांची आहे ती. जन्मभर वागवेल. ते मला नको.'

आणि मग तो शब्द घेतलास. मी दिला, पण मला पटला नव्हता. आजही पटत नाही. मोठी माणसं गप्प बसली म्हणून काय काय घडलं ते पोरांना कळावं यासाठी तू एवढी कॅसेट आणलीस, आणि त्याच घरातल्या पोरीपासून हे झाकलंस. सांग ना, ह्याला काय म्हणायचं? माया म्हणायची की मास्तरकी? मी तेव्हाच विचारलं असतं, पण तू उठून चहा सांगायला गेलास.

शेवटच्या आठवड्यात लोक तुझ्या घरी यायला लागले. माझ्या धंद्याचा सगळा हिशेब मला पाठ आहे, घर मोडताना माणसं कशी बोलतात तेही. पण तुझ्या दारात जे बघितलं ते बघवलं नाही. मिक्सर कोणी, पडदे कोणी, वहिनींच्या तुळशीची कुंडीसुद्धा गेली. एकानेही विचारलं नाही, मास्तर, इतके ठणठणीत दिसता, मग आजार कुठला? सबनीस आले. काचेच्या दाराचं पुस्तकांचं कपाट बघून म्हणाले, 'हे नेणार नसालच ना?' तू म्हणालास, 'न्या. पुस्तकंही न्या.' तर म्हणे, 'पुस्तकं नकोत, जागा कुठंय? कपाट द्या.' आणि तू दिलंस. भाव केला नाहीस, विषय काढला नाहीस, उलट एका बाजूने धरून लिफ्टपर्यंत नेऊ लागलास! तुझा मला इतका संताप आला की मी खाली जाऊन गाडीत बसलो. पुस्तकं माझ्याकडे आहेत. गोदामात, कोरड्या जागी. विकायला नाहीत.

मग तुझे खोके बांधताना आपलं जुंपलं ते आठवतं? मी ब्रशने तुझं नाव घालत होतो. नाव, सांगली, जिल्हा. हात थांबला. म्हटलं, 'मास्तर, हे तेच आहे. शेजाऱ्यांनी सामान नेलं, बॅगेवर नाव घातलं, चला.' तुला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

'हे तेच नाही! पुन्हा म्हणू नकोस. माझं तिकीट खिशात आहे. सांगलीला आई जेवायला थांबलीय. त्या लोकांना पुढे घर नव्हतं, शेठ. पुढे काहीच नव्हतं. माझी नोकरी गेली म्हणून त्यांचं मरण उसनं घेऊ नकोस.'

'पण माणसं तर तीच ना?'

'नाही. माणसं तीच असतील तर मग बोलायलाच नको कोणाशी.'

तिथेच तुटलं ते. गाडी आली, खोके चढवले. पुढे पत्रांतून, फोनवर मी दोन-तीनदा काढायचा प्रयत्न केला, तू सांगलीच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचास. आता तू ऐकू शकत नाहीस तर माझं म्हणणं पुरतं मांडतो. तू म्हणतोस ते खरं, हे ते नव्हतं. तुझ्या दुःखाची त्या दुःखाशी बरोबरी करणारा माणूस लबाड, हे मला मान्य आहे. पण दारातली ती नजर मी ओळखतो, मास्तर. ती मी रोज बघतो. ती काही एका देशाची नव्हती.

तुझं माझ्यावर जे आहे ते मी असल्या चार ओळींत फेडणार नाही. माझी भाषा तू कधी चारचौघांत सुधारली नाहीस. मी आडवंतिडवं विचारलेल्या प्रश्नाला तू सरळ उत्तर दिलंस. टीव्हीवर कुठेही माणसांना गाड्यांत भरताना दाखवलं की आता मी चॅनेल बदलत नाही. कोण नेतंय ते बघतो, आणि आजूबाजूला कोण उभं आहे तेही बघतो. ही सवय तुझी. फार त्रासाची सवय आहे, पण असू दे.

आता परवाचं. शोकसभा सबनीसांच्या अल नहदातल्या नव्या फ्लॅटमध्ये झाली. तुझा फोटो ठेवला होता त्या तुझ्याच कपाटावर. कपाटात क्रोकरी. लोक बोलले, मास्तर हसतमुख, मास्तर साधे, मास्तर तब्येतीमुळे लवकर परतले. एकजात सगळे. खोटं इतकं जुनं झालंय की त्यांना ते आता खरंच वाटतं. शेवटी सबनीस माझ्यापाशी आले. 'शेठ, मंडळाच्या अंकाचं संपादन माझ्याकडेच आहे. सरांवर दोन शब्द तुम्ही लिहा. तुमचे जवळचे होते ते.' मी हो म्हटलं.

लिफ्टपाशी केतकी आली. ओळखलं नाही आधी. मोठी झालीय, बंगळूरला शिकते, सुट्टीला आली होती. काय विषय विचारलं तर म्हणाली, हिस्ट्री. मग म्हणाली, 'काका, कॅन आय आस्क समथिंग? सर कशाने गेले? वॉज इट द सेम इलनेस?'

'कुठला इलनेस?'

'ज्यासाठी ते शाळेतून गेले ना, तो. आय यूस्ड टु थिंक...' थांबली. 'नथिंग. लहानपणी मला वाटायचं, माझं काही चुकलं म्हणून ते न भेटता गेले.'

ऐकलंस, मास्तर? तू तिच्यावर नको म्हणालास ते ओझं ती पहिल्या दिवसापासून वागवतेच आहे. फक्त ते कशाचं आहे ते तिला कोणी सांगितलेलं नाही. आपण दोघे गप्प बसून ते हलकं झालं नाही. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, पण मी म्हणालो, 'बेटा, हे तुझ्या पप्पांना विचार.' कारण ते मी सांगायचं नव्हे. मी सांगितलं तर ती भंगारवाल्याची चहाडी होईल.

म्हणून सबनीस, आता मास्तरांशी नाही, तुमच्याशी बोलतो. संपादक या नात्याने हे पान सगळ्यांत आधी तुमच्या हातात येईल. छापा नाहीतर फाडा, माझ्याकडे प्रत आहे आणि मला छपाईवाले पुष्कळ माहीत आहेत. मला तुमच्याकडून माफी नको, मास्तरांचं कपाटही नको. केतकी परत बंगळूरला जायच्या आत तिला समोर बसवा. तुम्हाला आधीपासून काय माहीत होतं, 'बघू दे' कोण म्हणालं, प्रिन्सिपलकडे तक्रार कोणी केली, आणि त्यात तिची काडीइतकी चूक का नव्हती, हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या. सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर पहिलं वाक्य मी देतो. 'तुझे सर आजारी नव्हते.' पुढचं तुम्ही बोला. मी विचारतोय, आणि ती विचारतेय. उत्तर द्या.